यीस्टमध्ये जीव पाहणारा चित्रकार

युस्टुस फॉन लीबिग हा एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रातला दादा माणूस. औषधशास्त्रातील संशोधन छापणारे जर्मनीतले एक नामांकित नियतकालिक त्याच्या हाती होते. १८३९ मध्ये या नियतकालिकात एक विलक्षण लेख प्रसिद्ध झाला. लेखकाचे नाव नव्हते. साखरेपासून दारू कशी बनते, हे कोडे अखेर सुटले असल्याचा दावा त्यात होता. चांगल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर यीस्ट म्हणजे चक्क अंडी असल्याचे कळते, असे लेखक सांगत होता. साखरेच्या पाण्यात ही अंडी फुटतात आणि आतून बारीक प्राणी बाहेर पडतात. त्यांचा आकार दारू गाळण्याच्या भांड्यासारखा. दात नाहीत, डोळे नाहीत. पोट आणि आतडी मात्र जागच्या जागी. हे प्राणी सोंडेने साखर ओढतात, मागच्या वाटेने अल्कोहोल सोडतात आणि मूत्रमार्गाने कार्बन डायऑक्साइड. मूत्राशय भरले की ते शॅम्पेनच्या बाटलीसारखे दिसते, हेसुद्धा लेखकाने आवर्जून नोंदवले होते.

ही उघड टवाळी होती. ती लिहिली फ्रीडरिश व्होलर या दुसऱ्या मातब्बर रसायनशास्त्रज्ञाने, आणि तिच्यात आणखी तिखटमीठ घातले खुद्द लीबिगने. यीस्ट सजीव आहे असे म्हणण्याचे धाडस करणाऱ्या सगळ्यांवरच तिचा रोख होता. पण त्याच खंडात, या टवाळीच्या अगदी आधीच्या पानांवर, पॅरिसच्या एका माणसाचा गंभीर लेख छापलेला होता. तो संपतो आणि लगेच टवाळी सुरू होते. वाचकाने काय समजायचे ते समजावे, अशीच ती मांडणी होती. त्या पॅरिसकराचे नाव पिएर झाँ फ्रान्स्वा त्युर्पाँ. आयुष्यभराचा त्याचा धंदा झाडाझुडपांची चित्रे काढण्याचा.

त्युर्पाँचा जन्म १७७५चा, नॉर्मंडीतल्या व्हीर या गावचा. घरची परिस्थिती बेताची. गावातल्या शाळेत चित्रकलेचे जुजबी धडे मिळाले, तेवढेच त्याचे औपचारिक शिक्षण. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो कोवळ्या वयात सैन्यात शिरला आणि १७९४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत जाऊन पोहोचला. हीच वसाहत पुढे १८०४ मध्ये हैती नावाने स्वतंत्र झाली. त्युर्पाँ तिथे उतरला तेव्हा ऊसमळ्यांवरच्या गुलामांनी पुकारलेल्या उठावाला तीन वर्षे झाली होती. अशा धुमश्चक्रीत एखादा शिपाई वनस्पतिशास्त्राकडे वळेल, ही अपेक्षा कुणी केली नसती.

तिथे त्याची गाठ आंत्वान प्वातो याच्याशी पडली. प्वातोही गरीब घरातलाच. पॅरिसच्या सरकारी उद्यानात माळीकाम करता करता स्वतःच्या जोरावर शिकलेला. त्याला झाडे ओळखता येत होती, त्युर्पाँला ती काढता येत होती. दोघांची जोडी जमली. एकाने झाड हुडकायचे, त्याची फुले-फळे उकलून दाखवायची, दुसऱ्याने ती कागदावर उतरवायची. असे करता करता त्युर्पाँ वनस्पतिशास्त्र शिकला. शिकवणारा माळी, शिकणारा शिपाई. ही मैत्री पुढे पॅरिसमध्येही टिकली. द्युआमेल द्यु मोन्सो याच्या फळझाडांवरील जुन्या ग्रंथाची नवी, भव्य आवृत्ती या दोघांनी १८०७ पासून हप्त्याहप्त्याने काढली. तिचे काम १८३५ पर्यंत चालले होते.

वनस्पतींची शास्त्रीय चित्रे आणि फुलांची शोभेची चित्रे यांत मोठा फरक असतो. शोभेच्या चित्रात समोरचे एक फूल जसेच्या तसे उतरले की काम झाले. शास्त्रीय चित्रात त्या जातीची ओळख पटवायची असते. एखादे पान किडीने खाल्ले असेल तर ते भोक चित्रात येत नाही, कारण ते जातीचे लक्षण नाही. उलट पानाच्या देठाशी असलेली बारीक लव मात्र यायलाच हवी. कळी, उमललेले फूल आणि पिकलेले फळ झाडावर एकाच दिवशी क्वचितच सापडतात, पण चित्रात ती एकाच फांदीवर दाखवावी लागतात. शिवाय खाली एका ओळीत फुलाचा उभा छेद, एकच पुंकेसर, अंडाशयाचा आडवा काप आणि बी, हे सारे कितीतरी पट मोठे करून. अनेकदा जिवंत झाड समोर नसतेच. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि एमे बाँप्लाँ यांनी दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या वनस्पतींची चित्रे त्युर्पाँने काढली, ती मुख्यतः दाबून वाळवलेल्या नमुन्यांवरून. सुकलेले फूल गरम पाण्यात भिजवून मऊ करायचे, सुईने पाकळ्या अलगद सोडवायच्या, आत काय आहे ते भिंगातून मोजायचे आणि मग त्या चपट्या चोथ्यातून कागदावर पुन्हा झाड उभे करायचे. या कामात हाताइतकीच नजर तयार होते.

त्या काळच्या वैद्यकाला अशा चित्रांची नितांत गरज होती. औषधे बहुतेक झाडपाल्याचीच होती आणि चुकीची मुळी किंवा पान दिले गेले तर रोग्याच्या जिवावर बेतायचे. हेमलॉकचेच पाहा. सॉक्रेटिसला दिलेले विष ते हेच. ते कोथिंबिरीच्या कुळातले झाड आहे आणि त्याचे पान युरोपात स्वयंपाकात घालतात त्या पार्स्लीसारखे दिसते. खोडावरचे जांभळट डाग ही त्याची खूण. ती शब्दांत वाचून लक्षात राहतेच असे नाही, पण चित्रात एकदा पाहिली की विसरत नाही. फ्रान्स्वा-पिएर शोमतों या डॉक्टरने हाती घेतलेला औषधी वनस्पतींचा अनेक खंडांचा ग्रंथ १८१४ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यासाठीची चित्रे त्युर्पाँ आणि एर्नेस्तीन पाँकूक या चित्रकर्तीने काढली. शोमतों १८१९ मध्ये वारला, ग्रंथ इतरांनी पुरा केला. त्या ग्रंथातला वैद्यकीय मजकूर आज कालबाह्य झाला आहे. चित्रे मात्र अजून पुन्हा पुन्हा छापली जातात.

पण त्युर्पाँ नुसता दुसऱ्यांच्या पुस्तकांना चित्रे पुरवून थांबला नाही. जे काढतो ते असे का आहे, हा प्रश्न त्याला गप्प बसू देत नसे. १८०६ मध्ये त्याने बियांवरच्या एका इवल्याशा छिद्राबद्दल निबंध लिहिला आणि त्याला ‘मायक्रोपाइल’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत याचा अर्थ छोटेसे दार. हे दार कुणालाही घरी पाहता येईल. राजम्याचा मोठा दाणा रात्रभर भिजत घालावा, सकाळी पुसून कोरडा करावा आणि हळूच दाबावा. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो त्या डागाच्या शेजारी पाण्याचा एक बारीक थेंब बाहेर येतो. तेच ते छिद्र. फलन घडवणारा द्रव याच वाटेने आत शिरतो, असे त्युर्पाँचे म्हणणे होते. प्रत्यक्षात परागकणातून निघणारी नलिका या वाटेने जाते, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवले. तपशील बदलला, नाव टिकले. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आजही बीजांडाची आकृती काढताना एका चित्रकाराने दिलेले हे नाव लिहितात.

पुढे त्याच्या हाती सूक्ष्मदर्शक आला आणि तो त्यात रमून गेला. डबक्यातल्या पाण्यातली हिरवी शेवाळे, पानांच्या पेशी, परागकण, दिसेल ते तो काढत गेला. झाडाच्या शरीरातली प्रत्येक सूक्ष्म पिशवी ही स्वतःपुरती जगणारी, स्वतंत्र चीज आहे आणि झाड म्हणजे अशा असंख्य पिशव्यांची वसाहत आहे, अशी कल्पना त्याने १८२०च्या दशकातच मांडली. पेशी हा सजीवांचा मूळ घटक आहे हा सिद्धांत श्लायडेन आणि श्वान यांच्या नावाने ओळखला जातो, तो १८३८-३९चा. त्युर्पाँची मांडणी त्यांच्याइतकी नेटकी नव्हती. पण त्या दिशेला बोट दाखवणाऱ्या मोजक्या लोकांत त्याची गणना होते. १८३३ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतले. व्हीरच्या त्या पोराने मारलेली ही मजल थोडीथोडकी नव्हती.

यीस्टचे प्रकरण त्याच्याकडे आले ते या अकादमीतूनच. दारू आंबते, पिठाचा गोळा फुगतो, हे माणसाला हजारो वर्षे ठाऊक होते. गोव्याचे पोदेर पिठात माडाची सूर घालून पाव फुगवत आले, ते त्या सुरेत यीस्ट असते हे कुणी सांगण्याच्या कितीतरी आधीपासून. लेव्हेनहुक या डच संशोधकाने १६८० मध्येच बिअरच्या गाळातले बारीक गोळे भिंगातून पाहिले होते, पण ते जिवंत असतील असे त्याला वाटले नाही. १७८९ मध्ये लाव्हाझिएने साखरेची वजने करून दाखवून दिले की आंबताना तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतात. हिशेब जुळला. तो घडवून आणतो कोण, हे मात्र गुलदस्त्यातच राहिले.

मग १८३७च्या सुमारास तीन माणसांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तेच उत्तर दिले. पॅरिसमध्ये कान्यार द ला तूर, जर्मनीत श्वान आणि क्युट्झिंग. यीस्टचे गोळे वाढतात, त्यांना कोंब फुटतात, कोंबाचा नवा गोळा होतो. म्हणजे ते सजीव आहेत आणि साखरेची दारू होते ती त्यांच्या जगण्यातून. कान्यार द ला तूर हा मुळात यंत्रे बनवणारा, भोंग्याचा शोध लावणारा माणूस. त्याचे हे म्हणणे तपासायचे काम अकादमीत ज्यांच्याकडे आले, त्यांत त्युर्पाँ होता. त्याने स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एका गोळ्याच्या कडेला फुगवटा येतो, तो मोठा होतो, कधी साखळी बनते, कधी सुटा होतो. एवढ्या फुलांच्या कळ्या काढलेल्या माणसाला कोंब फुटणे म्हणजे काय, हे कुणी शिकवायला नको होते. १८३८ मध्ये त्याने कान्यार द ला तूरचे म्हणणे उचलून धरले आणि एक पाऊल पुढे टाकले. हे सूक्ष्म जीव साखरेच्या पाण्यावर पोसतात, त्यांची वाढ हे कारण आणि आंबणे हा परिणाम, आणि ही दोन्ही एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, असे त्याने मांडले. त्याने यीस्टचे एक शास्त्रीय नावही सुचवले.

रसायनशास्त्रज्ञ एवढे का खवळले, हेही समजून घ्यायला हवे. त्यांना निव्वळ हटवादी म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. सजीवांतली रसायने ‘जीवनशक्ती’ नावाच्या गूढ गोष्टीवाचून बनत नाहीत, हा समज मोडायला ते निघाले होते. व्होलरने १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवून या समजाला पहिला तडा दिला होता. आता कुठे रसायनशास्त्र धूसरपणातून बाहेर येत होते, तोच कुणी चित्रकार नि यंत्रवाला येऊन साखरेच्या साध्या विघटनाला पुन्हा ‘जीव’ जोडतो म्हणजे काय! लीबिगच्या मते यीस्ट हा कुजत चाललेला पदार्थ होता आणि त्याच्या कणांची हालचाल साखरेला लागून तीही मोडत होती. स्वीडनच्या बर्झेलियसच्या लेखी तर यीस्टमध्ये परीक्षानळीच्या तळाशी बसणाऱ्या साक्याइतकाही जीव नव्हता. अशांनी टवाळी केली की तरुण संशोधक त्या वाटेला जायला कचरतात. जवळजवळ वीस वर्षे लीबिगचा शब्दच प्रमाण राहिला.

त्युर्पाँच्या बाजूने आणखी एक अडचण होती, आणि ती त्याने स्वतःच ओढवून घेतली होती. त्याने पाहिलेले बरोबर होते, पण पाहिलेल्याचा अर्थ लावताना तो कधी कधी घसरत असे. यीस्टचे गोळे जवाच्या दाण्यातल्या कणांपासूनच तयार होतात, असे त्याला वाटले. दुधाबद्दलची त्याची चूक तर फारच मोठी होती. दूध नासत असताना त्याने थेंब तपासले. त्यात स्निग्धाचे गोल कण होते आणि शेजारी बुरशीचे कोंब फुटलेले बीजाणू. दुधाचे कणच उगवून त्यांची हिरवट बुरशी होते, असा निष्कर्ष त्याने काढला आणि दोन्हींमधल्या पायऱ्यांची चित्रेही काढली. बुरशीचे बीजाणू हवेतून येऊन पडले होते. तेव्हा निर्जंतुक भांड्यात एकाच जातीचे जंतू वाढवण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे कोण कुणापासून आले हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे अशक्यच होते. पण या चुकीत त्याच्या धंद्याचीही सवय दिसते. कळी, फूल आणि फळ एकाच फांदीवर जोडून काढायची ज्याच्या हाताला सवय, त्याने दुधाच्या थेंबातल्या दोन वेगळ्या गोष्टीही तशाच एका माळेत ओवल्या. झाडाच्या बाबतीत ही रीत खरी ठरते, कारण तिथे फांदी एकच असते.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र याच सवयीचा कळस आहे. जर्मन महाकवी ग्योथे याला वनस्पतींचे वेड होते. पाकळ्या, पुंकेसर, फळ हे सारे एकाच पानाचे बदलत गेलेले रूप आहे, असे तो मानत असे, आणि सगळ्या झाडांच्या मुळाशी असलेल्या एका आदिवनस्पतीचे स्वप्न त्याने कधीकाळी पाहिले होते. ग्योथे १८३२ मध्ये गेला. त्याच्या निसर्गविषयक लेखनाचा फ्रेंच अनुवाद १८३७ मध्ये निघाला तेव्हा त्यासोबतची चित्रे त्युर्पाँने केली. त्यात त्याने जगात कुठेही नसलेले एक झाड उभे केले. एकाच खोडाला नाना तऱ्हांची मुळे, साधी पाने, संयुक्त पाने आणि वेगवेगळ्या कुळांतली फुले. आयुष्यभर असलेल्या झाडांची चित्रे काढणाऱ्या माणसाने नसलेले झाड काढले आणि लोकांच्या लक्षात राहिले ते तेच. वनस्पतिशास्त्र म्हणून ते फारसे कामाचे नाही. पाहायला मात्र भन्नाट आहे.

टवाळी छापून आल्याच्या पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, त्युर्पाँ पॅरिसमध्ये वारला. वय ६५. यीस्टचा निकाल लागलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. तो लागला लुई पाश्चरमुळे. १८५७ मध्ये दूध आंबण्यावर आणि १८६० मध्ये मद्य आंबण्यावर पाश्चरने शोधनिबंध लिहिले. नुसते पाहण्यावर विसंबून न राहता त्याने हवेतले जंतू आत येऊ न देता, मोजमाप करून, यीस्टची वाढ आणि साखरेची घट यांची सांगड घातली. चित्रकाराच्या पुराव्यात उणीव होती ती नेमकी हीच. सूक्ष्म जीव मोठी कामे करतात हे एकदा पटल्यावर ते रोगही घडवत असतील या विचाराला वाट मिळाली आणि त्यातून आधुनिक वैद्यक उभे राहिले. लीबिगही पूर्णपणे चुकला होता असे नाही. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्टच्या पेशी वाटून त्यांचा रस काढला आणि जिवंत पेशी नसतानाही त्या रसाने साखर आंबवली. पेशीच्या आतली विकरे हे काम करतात. त्यांना बनवते मात्र जिवंत पेशीच. बुखनरला १९०७ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दारूच्या भांड्यासारखे प्राणी म्हणून ज्याची चेष्टा झाली, त्याच यीस्टच्या पेशींत पुढे हिपॅटायटिस बी रोगावरची लस बनवण्यात आली. जनुकीय तंत्राने बनलेल्या त्या पहिल्या लशीला अमेरिकेत १९८६ मध्ये परवाना मिळाला.

यीस्टला त्युर्पाँने सुचवलेले नाव आता वापरात नाही. त्याचे स्वतःचे नाव मात्र झाडांनी जपले आहे. व्हाँतना या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका प्रजातीला ‘तुर्पिनिया’ हे नाव दिले. तिची एक जात सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या सदाहरित जंगलांत वाढते. आणखी एक आठवण तर गावोगावच्या तळ्यांत सापडते. हिरवट पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बहुधा दोन-चार लांबट हिरव्या पेशी एकमेकींना खेटून उभ्या दिसतात आणि कडेच्या दोन पेशींना प्रत्येकी दोन काटे असतात. हे शेवाळ त्युर्पाँने १८२८ मध्ये प्रथम वर्णन करून त्याला ‘चार शेपट्यांचे’ या अर्थाचे विशेषण दिले. ते ‘सेनेडेस्मस क्वाड्रिकौडा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पाण्यात विषारी द्रव्ये किती आहेत, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळांत ते वाढवतात. पाणी वाईट असेल तर त्याची वाढ खुंटते. त्याचे पूर्ण शास्त्रीय नाव लिहायचे तर शेवटी कंसात त्युर्पाँचे नाव लिहावे लागते.